पडद्याची गाडी

एस. टी. थांबलीच नाही. टपावरसुद्धा माणसं बसली होती, आणि फाट्यावर उभ्या असलेल्या दगडोबाकडं बघून ड्रायव्हरनं नुसता हात हलवला. धुरळा खाली बसला तरी दगडोबा हात वर करूनच उभा होता. दुसरी गाडी थेट संध्याकाळी.

तिथून धाराशिव चार कोस. उरसाच्या फडात त्याची कुस्ती तेरच्या फकरुद्दीनशी लागली होती. फकरुद्दीनला दगडोबानं कधी पाहिलेलं नव्हतं. चार वाजता नाव पुकारल्यावर जो आखाड्यात नसेल तो हरला, असा तिथला कायदा. दगडोबा चालू लागला.

चाळिशी उलटलेल्या माणसानं कुस्ती धरू नये, एवढं त्यालाही कळत होतं. पण सरपंच हिंमतरावांना गावच्या तालमीत सोसायटीचं खत भरायचं होतं. "दोन वर्षांत गावानं एक कुस्ती मारली न्हाय. या उरसात एक मारून दाखवा, तालीम तुमची," असं ते चावडीवर चारचौघांत बोलले होते. तालमीतली तरणी पोरं सोलापूरच्या गिरण्यांत गेलेली. राहिला होता दगडोबा.

घरून निघताना बायकोनं, द्वारकाबाईनं, त्याला डोक्यावरून घोंगडी घ्यायला लावली होती. कुस्तीआधी पैलवान लोकांच्या नजरेला पडू नये, दृष्ट लागते. मैलभर चालल्यावर त्यानं ती काढून खांद्यावर टाकली. दृष्ट लागावी असं अंगावर फारसं उरलंच नव्हतं.

मागून बैलगाडी आली. चारी बाजूंनी हिरवा पडदा बांधलेला, पुढं कासरा धरून पांढऱ्या दाढीचा म्हातारा.

"धाराशिवला का? या, बसा माझ्याजवळ."

दगडोबानं पडद्याकडं एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. परक्या घरची बाई आत असताना पडद्याला पाठ लावून बसायचं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं नव्हतं.

"नगं, चाचा. संगट चालतो. बोलत बोलत वाट सरंल."

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, खाजामियाँ. गाव तेर.

"मग फकरुद्दीन पैलवान ठावं आसंल?"

"हाय की."

"कसा हाय गडी?"

"चांगला हाय. गरीब सवभावाचा."

"आज माझी त्याच्यासंगं कुस्ती हाय."

खाजामियाँनी कासरा ओढला. बैल थबकले, पुन्हा चालू लागले. "पैलवान, ऐका माझं. वर बसा."

"न्हाय, चाचा. आत बाईमाणूस हाय."

खाजामियाँ काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात पडदा आतून जरासा हलला, आणि त्यांनी नुसतेच बैल हाकले.

ऊन चढलं. रस्त्यावर नुसती खडी टाकून ठेवलेली, ती वहाणेतून टोचत होती. दुखणं मनात ठेवून चालण्याचा दगडोबाला कंटाळा आला.

"उजवा गुडघा गेलाय, चाचा. त्या अंगानं कुणी पाय धरून पट काढला की म्या संपलो. म्हनून पयल्या झटक्यातच डावीकडनं ढाक लावायची. दुसरा डावच न्हाय माझ्यापाशी."

"असं वाटंत बोलू न्हाय!" खाजामियाँ एकदम मोठ्यानं म्हणाले. "कोन ऐकंल, सांगता येत न्हाय."

"हितं कोन हाय? तुमी, आन् तुमच्या घरचं मानूस."

पुढच्या विहिरीवर बैल पाण्याला सोडले. खाजामियाँनी दुधानं भरलेली चरवी पडद्याआड सरकवली. दगडोबा तोंड फिरवून उभा राहिला. चरवी रिकामी होऊन बाहेर आली तेव्हा त्याला वाटलं, बाळंतीण दिसते. बिचारीला एवढ्या उन्हात उरसाला नवस फेडायला आणलंय. द्वारकाबाईचे दोन्ही बाळंतपणांतले हाल त्याला आठवले आणि त्या न पाहिलेल्या बाईची कणव आली.

धाराशिवच्या अलीकडं चढ लागला. गाडी रुतली. बैल फुरफुरत जागीच पाय झाडू लागले.

"थांबा," खाजामियाँ म्हणाले, "आतलं उतरवतो."

"ओल्या बाळंतिणीला उतरवता व्हय? म्या कशाला हाय मग?"

घोंगडी खाली टाकून त्यानं चाकाला खांदा दिला. छाती भात्यासारखी चालली, गुडघ्यातून कळ निघाली. गाडी हलली. चढ संपेपर्यंत त्यानं खांदा काढला नाही. वर पोचल्यावर खाजामियाँनी त्याला पाणी दिलं. त्याच्याकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

"अल्ला तुमचं भलं करो, पैलवान," ते पुटपुटले.

साडेतीनला ते फडावर पोचले. गर्दीनं पडद्याच्या गाडीला अदबीनं वाट करून दिली, आणि तिच्या मागोमाग दगडोबालाही आयतीच वाट मिळाली. तो आखाड्याच्या कडेला बसकण मारून बसला. पोटऱ्या थरथरत होत्या. पण तो पोचला होता. तालमीचं दार अजून उघडं होतं. त्यानं लंगोट कसला, अंगाला माती चोळली आणि गर्दीत तेरचा गडी कुठं दिसतो का ते पाहू लागला. कुणीच दिसेना. गडी आलाच नाही की काय? त्याला इतक्या वेळात पहिल्यांदा हलकं वाटलं.

चार वाजले. पंचांनी भोंग्यातून आधी दगडोबाचं नाव पुकारलं. तो उठून आखाड्यात उतरला, मातीला हात लावून कपाळाला लावला.

"तेरचा फकरुद्दीन!"

खाजामियाँ गाडीवरून उतरले आणि दगडोबाकडं पाठ करून त्यांनी पडद्याच्या गाठी सोडल्या. आतून लंगोट कसलेला, सकाळपासून जमिनीला पाय न लावलेला सहाफुटी फकरुद्दीन खाली उतरला.