जुन्या गाडीसाठी कोट

जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत कपडेही गाडीच्याच काळातले लागतात, म्हणून गिऱ्हाइकाने गाडीच्या सीटखाली सापडलेला फोटोच शिंप्यापुढे ठेवला. त्यात गाडीला टेकून तिचा पहिला मालक उभा होता.

"मास्तर, हुबेहूब असाच कोट हवा."

पंधरा दिवस भिंग लावून शिंप्याने बटणन् बटण जुळवलं.

आज गिऱ्हाइकाने कोट चढवला. "बऱ्याच वर्षांनी अंगात घातला," तो शांतपणे म्हणाला आणि बायकोला गाडीत शेजारी बसवून निघाला.

शिंप्याला गंमत वाटली. मग आठवलं, खांद्यावरची खडूची रेघ पुसायची राहिलीच. चुकचुकत, आणखी काही राहिलंय का हे बघायला त्याने फोटोवर भिंग धरलं.

रेघ फोटोतल्या कोटावर होती. चेहराही आता गिऱ्हाइकाचा होता.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. वळणावरच्या गाडीतून गिऱ्हाइकाची बायको, शेजारी कोण बसलंय याची कल्पनाच नसल्यासारखी, हसून हात हलवत होती.