उजवा स्पीकर

"मेला पुन्हा!" लाईल पेडरसनने हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाकावर आपटला.

डावा स्पीकर कसा खणखणीत गात होता. उजव्याच्या तोंडावर मात्र कुणी टॉवेल टाकल्यासारखं वाटत होतं. अकरा आठवडे लाईल या जोडीच्या मागे लागला होता. अडगळ उचलायला पालिकेची गाडी येते त्या दिवशी रॉकहॅम्प्टनच्या कुठल्याशा गल्लीत, रस्त्याकडेच्या गवतावर त्याला ती सापडली. कुजलेली फोमची कड त्याने नवी चिकटवली. आतले कंडेन्सर बदलले, खोक्यात मेंढीची लोकर भरली, उजव्याचा छोटा भोंगा तर दोनदा बदलला. बाहत्तर वर्षांचं शरीर, वर क्वीन्सलँडचा उन्हाळा आणि गॅरेजला पत्र्याचं छप्पर. पार पिट्ट्या पडला होता बिचाऱ्याचा.

डाव्या हाताच्या दारात नोलीन येऊन उभी राहिली. त्याची बायको, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातली सोबतीण. हातात बॅग होती.

"निघते मी. टॅक्सी सांगितलीय."

"टॅक्सी कशाला? मी सोडतो ना स्टेशनवर."

"नको. गाडीत बसलं की आपण चांगलं बोलतो. मग माझा पाय निघत नाही."

ती बंडाबर्गला बहिणीकडे चालली होती. परत कधी येणार ते तिने सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्याची छाती होत नव्हती. त्याला कळत होतं ते एवढंच की दोन वर्षांत घरातलं बोलणं आटलं होतं. संध्याकाळी व्हरांड्यात दोघं शेजारी बसायची, खुर्च्या ठरलेल्या, ती त्याच्या उजवीकडे. पण ती काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलायची. सुरुवातीला तो "स्पष्ट बोल की जरा!" म्हणून खेकसायचा. मग त्याचाही कंटाळा आला. हल्ली तो नुसता "हं" म्हणायचा आणि समोरच्या आंब्याकडे बघत बसायचा. जाऊ दे, म्हातारपणी बायकांचं असंच होत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

"जाता जाता एकदा ऐकून तर जा," तो म्हणाला. "उजवा बसकाच वाजतोय बघ."

"गेल्या आठवड्यात ऐकलं की. दोन्ही सारखेच वाजतात, लाईल."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण नोलीन तोवर व्हरांड्यात जाऊन बसली होती.

आता एकच उपाय उरला होता. खरं म्हणजे तो सगळ्यात आधी करायचा असतो. स्पीकरची अदलाबदल करायची. दोष खोक्याबरोबर गेला तर खोकं वाईट, जागच्या जागी राहिला तर मागे, वायरी-ॲम्प्लिफायरमध्ये शोधायचं. पाठीच्या दुखण्यापायी त्याने एवढे दिवस टाळलं होतं. कण्हत, शिव्या घालत त्याने दोन्ही धुडं इकडची तिकडे केली. दोष उजवीकडेच राहिला. म्हणजे ज्याला अकरा आठवडे उघडून उघडून बेजार केलं, त्या खोक्यात काही नव्हतंच! त्याने ॲम्प्लिफायरच्या वायरी उलटसुलट केल्या. उजवीकडेच. उजव्या भिंतीवर गोधडी टांगली. तरी उजवीकडेच.

"मरू दे तिकडे," म्हणत तो स्टुलावर बसला. स्पीकरकडे पाठ, तोंड गॅरेजच्या रस्त्याकडच्या मोठ्या दाराकडे. टॅक्सी आली का ते दिसावं म्हणून. मागे गाणं चालूच होतं.

आणि आता दुसराच स्पीकर बसका वाजू लागला. मघापर्यंत खणखणीत गाणारा.

लाईल गर्रकन वळला. पहिल्यासारखं. पुन्हा पाठ केली. पुन्हा उलटं. तीनदा त्याने हे केलं आणि मग दोन्ही हात मांडीवर टाकले. त्याचा उजवा हात अजूनही डाव्याहून काळा होता. एकोणतीस वर्षं त्याने मालट्रक हाकला होता, उजवी काच खाली, कोपर खिडकीत, वारा आणि इंजिनाची घरघर सगळी त्याच अंगाला. हाताचं काळं पडणं दिसलं होतं. आतलं कोण बघणार?

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

तो धडपडत व्हरांड्यात आला. नोलीन बॅग उचलून उभी राहिली होती.

"दोन मिनिटं बस."

"आता नको रे. गाडी चुकेल."

"बस म्हणतो ना! पाया पडू का?"

ती चकित होऊन बसली. लाईलने आपली जड लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी धरली, तिच्यासमोरून फरपटत नेली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला मांडली. धापा टाकत तो बसला. आता ती त्याच्या डावीकडे होती, गाडीत असते तशी.

"आता बोल," तो म्हणाला. "रोज बोलायचीस तेवढंच हळू. माझा उजवा कान गेलाय, नोलीन. मला आत्ता कळलं."

तिचे डोळे भरून आले. टॅक्सीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा तिने हातातली बॅग खाली ठेवली.

"तुला माझा कंटाळा आलाय का, असं मी याच खुर्चीत बसून तुला तीनदा विचारलं," ती हळूच म्हणाली, आणि त्याला अक्षरन् अक्षर ऐकू आलं. "तिन्ही वेळा तू 'हं' म्हणालास."