सासुरवाडीची वाट

१९३१च्या रत्नागिरीतल्या डोंगरशर्यतीची ढाल पटकावायचीच, म्हणून भिकाजीने सरकारी नकाशा पसरला. मित्राने प्रवाशांचं माहितीपुस्तक उघडलं. “जवळची वाट तुझ्या सासुरवाडीतून जाते. पण यात लिहिलंय, गाव फार अगत्याचं. घाई असेल त्याने वळसा घ्यावा.” “ते परक्यांसाठी रे! जावयाला कोण अडवतंय?” शर्यतीत भिकाजी सर्वांपुढे, नकाशा त्यानेच पाहिलेला, म्हणून बाकीचे त्याच्यामागून. सासुरवाडीत सासूबाई वाटेतच उभ्या. “जावईबापू, कोण पाठी लागलंय?” “शर्यत आहे. मागून पोरं येतायत.” “मग त्यांनाही बोलवा. रसघावन केलंय.” सासूला डावलणारा जावई त्या तालुक्यात जन्मला नव्हता. शिवाय सगळेच जेवले, तर मागे पडणार कोण? त्याने हाका मारल्या. जेवल्यावर एकालाही उठवेना. माथ्यावर ताटकळलेले पंच खाली आले, जेवले आणि ढाल सासूबाईंना देऊन गेले. बाईंना ओलांडून कोणीच पुढे गेलं नव्हतं.