पडशील

केतकीच्या जावेच्या गावच्या घरी, उंच ओट्याच्या कडेला शर्वू हात पसरून आईच्या तोंडाकडे बघत उभा होता. खाली साधी दगडी फरशी होती.

शहरातल्या घरात ‘पडशील’ म्हटलं की जमीन खरोखरच गादीसारखी मऊ व्हायची. मातांच्या वर्गात केतकीकडून तेवढंच घोकून घेतलं होतं: धावू नका, फक्त शब्द उच्चारा. शर्वूही शिकला होता. शब्द ऐकला की उडी मारायची.

केतकी ओठ मिटून हळूहळू पुढे सरकली.

“अगं, मुकी झालीस का?” शेजारून जाऊबाई कावल्या. “ए माकडा, पड...”

केतकीने त्यांचं तोंडच दाबलं आणि दुसऱ्या हाताने शर्वूचा सदरा घट्ट पकडला.

“आई,” तो हिरमुसून म्हणाला, “म्हण ना पडशील.”