बंद झालेली मीटिंग

रोज सकाळच्या ऑनलाइन मीटिंगचा तिला मनापासून वैताग यायचा. काल काय केलं, आज काय करणार, हे प्रत्येकाने आळीपाळीने सांगायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद करून जांभया द्यायच्या. कोड लिहिताना तंद्री लागते न लागते, तोच ती मोडायची. तिने साहेबांचा पिच्छाच पुरवला आणि शेवटी मीटिंग बंद करून घेतली. टीमने चॅटवर तिला अगदी डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरात सकाळ कशी संथ पसरली होती. पडदा हलत होता, ऊन कीबोर्डवर येऊन बसलं होतं. त्या शांततेत तरंगता तरंगता तिचं बोट सवयीने मीटिंगच्या लिंकवर पडलं.

आत टीममधले टेस्टिंगवाले काका आधीच येऊन बसले होते. एकटेच, खिडकीबाहेर बघत.

तिला पाहून ते दचकले. तिने नुसत्या भुवया उंचावल्या.

"बंद झालीय, माहीत आहे गं मला," ते ओशाळून हसले. "पण तुझी काकू गेल्यापासून घरात माणसाचा आवाज नाही. सकाळी तुमची सगळ्यांची कटकट कानावर पडली, की बरं वाटायचं. तू कशी काय आलीस?"

"चुकून," असं ती म्हणायला गेली, पण आवाजच फुटेना. घसा खाकरून तिला पुन्हा म्हणावं लागलं. कालच्या शेवटच्या मीटिंगनंतर तीही कोणाशी एक शब्द बोलली नव्हती.