लाल फुली

"अगं शाल्मली, पोरीच्या गळ्यात या कसल्या पाट्या अडकवल्यास?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या, नवऱ्याच्या आत्याबाई फणकारल्या.

साडेतीन वर्षांची ईरा स्वमग्न होती, बोलत नव्हती. थेरपिस्टबाईंनी दिलेला धडा मायलेकी सहा महिने रोज गिरवत होत्या: गळ्यातल्या पाट्यांमधलं चित्र काढून समोरच्याच्या हातात द्यायचं, मग हवं ते मिळायचं. पाणी जमलं, खाऊ जमला. 'नको'ची लाल फुली मात्र तिने कधी उचललीच नव्हती. नको असलं की ती किंचाळायची.

"तिळगूळ खा, म्हणजे बोलशील!" म्हणत आत्याबाईंनी तिच्या तोंडात लाडू कोंबायला घेतला. ईराने चाचपडत लाल फुली ओढून काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"नखरे बघा!" लाडू पुन्हा पुढे आला.

शाल्मलीने त्यांचं मनगट धरलं. "ती बोलली, आत्याबाई. नको म्हणाली. आता हा तिळगूळ तुम्हीच खा."