वरातीची चाल

“उपासनेतल्या जुन्या गीताची चाल बँडवर बसवून मास्तरांनी ती बाटवली,” असं चर्चचे सेक्रेटरी उजागरे सर जन्मभर सांगत आले. आज बँडमास्तरांच्या शवपेटीपाशी मात्र ते गहिवरले. “ही रचना म्हणजे आपल्या मंडळीचं भूषण! मी तर पहिल्यापासून त्यांच्या पाठीशी होतो.”

मास्तरांची मुलगी रूथ पेटीवरची फुलं सारखी करत राहिली. पप्पांनी बसवली तशीच, संथ, ती चाल कबरस्तानापर्यंत वाजावी, एवढंच तिला हवं होतं. बँडवाल्यांनी शब्दही दिला होता. पण चर्चने नाकारल्यापासून ते ती चाल वरातीतच वाजवत आले होते. अंत्ययात्रा चौकात पोचली, सवयीने ढोल घुमला, ट्रम्पेट उसळले आणि नाचणाऱ्यांसाठी मधे जागा सोडून सगळे वादक गोल उभे राहिले.

“अगं, थांबव त्यांना!” सर ओरडले. त्यांच्या बुटाने मात्र ठेका धरला होता.

रूथला तो बूट दिसला आणि सकाळपासून अडलेलं रडू हसू होऊन फुटलं. “वाजू द्या, सर,” ती म्हणाली. “इतकी वर्षं पप्पांच्या पाठीशी होतात ना? मग आज जरा पुढे व्हा.”